वर्तुळात शिरताना

कोहमाऱ्याजवळच्या माळावर फार जुन्या लोकांच्या दफनाची दगडी वर्तुळं आहेत. तिथे उत्खनन चाललं होतं तेव्हा मी नकाशे काढायचो, आणि खणायला एक म्हातारे गोंड मामा यायचे. वर्तुळाला दार नसतं; पण मामा रोज एकाच जागेवरून आत शिरायचे. चपला बाहेर काढायचे, लोकाच्या घरात शिरताना खाकरतात तसे खाकरायचे, जरा थांबायचे आणि मगच पाय टाकायचे. आम्ही गालात हसायचो.

शेवटच्या सकाळी आत सापडलेलं मडकं उचलून शहरात न्यायचं होतं. जीप उभी होती, उत्खननाचे साहेब घाई करत होते. मामा खाकरले, पण आत गेलेच नाहीत.

"काऊन थांबले जी, मामा?" मी विचारलं.

"जेवून रायले ते," मामा हळूच म्हणाले. "जेवत्या माणसाच्या समोरचं भांडं उचलतेत का जी?"

साहेब मोहाखाली जाऊन बसले, मागोमाग आम्हीही. मोहाची फुलं मधूनच टपकत होती. माळावर कसलाच आवाज नव्हता.

सावली बरीच सरकली, तेव्हा साहेब मामांकडे वाकले आणि अगदी दबल्या आवाजात म्हणाले, "झालं का त्यांचं?"