दादाचा उजवा खांदा

"डाव्या मेंदूत गुठळी आहे. उजवा हात-पाय गेलाय, बोलणंही," अकोल्याच्या दवाखान्यात डॉक्टर स्कॅनवर बोट ठेवून म्हणाले. याला स्ट्रोक म्हणतात, आपल्याकडे लकवा. त्या सकाळी जठारपेठेतल्या आमच्या फुलांच्या दुकानात झेंडूचे हार ओवताना माझ्या थोरल्या भावाच्या, दादाच्या हातातून सुई पडली आणि तो कलंडला.

तिसऱ्या दिवशी त्याच्या तोंडून शब्द फुटला, "भैताड." म्हणजे मूर्ख. मला भैताड, वैनीला भैताड, डॉक्टरांनाही भैताड. डॉक्टर म्हणाले, याला अफेजिया म्हणतात. आतला विचार शाबूत असतो, शब्द सापडत नाहीत. कधी कधी एखादी शिवीच तेवढी उरते. मी मान हलवली. समजलो मात्र नव्हतो.

ती वर्षं वाईट होती. शेजारच्या वॉर्डात रोज कुणीतरी कर्जबाजारी शेतकरी फवारणीचं औषध पिऊन यायचा, सिस्टर तिकडे धावायच्या. दर दोन तासांनी कूस बदलणं, अंग पुसणं, भरवणं आमच्याकडे आलं. आमच्या वॉर्डातल्या नसीम सिस्टरांनी दाखवलं होतं : खांद्यामागे आणि कमरेखाली हात घालायचा, लकव्याचा हात ओढायचा नाही.

पाचव्या दिवशी दुपारी त्याची चादर ओली झाली. जागरणाने माझं डोकं भणभणत होतं. मी त्याला वळवू लागलो तसा तो "भैताड, भैताड" करत डाव्या हाताने मला ढकलू लागला. मी त्याचा उजवा हात धरला आणि हिसडा दिला. खांद्यात कटकन वाजलं. तो किंचाळला, त्याची मूठ माझ्या नाकावर बसली. रक्त आलं. मी त्याच्या तोंडात भडकावली. एकदा नाही, तीनदा.

वैनी डबा घेऊन दारात उभी होती. "मारा ना भाऊजी, एक बाजू राह्यली अजून."

नसीम सिस्टरांनी मला भिंतीकडे लोटलं. "काहून मारलं त्याईले?"

"शिव्या देऊन राहिला मले."

"लकव्याचा हात दबला होता त्याईचा अंगाखाली. तेच सांगून राहिले होते. पाणीबी त्याच शब्दानं मागतात ते. एकच शब्द उरला त्याईपाशी, तुमच्यापाशी तर सारेच होते ना?"

डॉक्टरांना मी सांगितलं, पलंगावरून घसरला. ते म्हणाले, मग डोक्याचा स्कॅन पुन्हा करू, मार लागला असेल. तेव्हा मला खरं बोलावं लागलं. ते ओरडले नाहीत. सबलक्सेशन झालंय म्हणाले, म्हणजे हाड सांध्यातून सरकलंय. गळ्यातून हाताला झोळी बांधली.

दादा आता काठीने चालतो, थोडं बोलतो. उजवा हात छातीच्या वर जात नाही. त्यात लकव्याचा वाटा किती आणि माझा किती, हे डॉक्टरांनाही सांगता आलं नाही.

कित्येक महिने मी जवळ गेलो की तो मान आत ओढायचा. सिस्टरांनी शिकवलं तसं मी करत राहिलो. समोर यायचं, कुठे हात लावणार ते सांगायचं, त्याने होकार देईपर्यंत थांबायचं.

घरी असा माणूस असेल त्यांना एवढंच सांगतो : राग येणार. तेव्हा हात सोडा, खोलीबाहेर जा. ओली चादर दहा मिनिटं थांबते.

परवा मी दादाची दाढी करायला बसलो. वस्तरा दाखवला, "गळ्यापाशी लावू काय?" विचारलं. त्याने हनुवटी वर केली आणि डोळे मिटले. मला लगेच वस्तरा टेकवता आला नाही. मी टेकवेपर्यंत तो तसाच बसून राहिला.