बावीस नंबरचे आजोबा आणि तो नाटककार
दोन हजार सालानंतरची चार-पाच वर्षं मी कॅनडातल्या एटोबिकोच्या एका वृद्धाश्रमात काम केलं. ब्रॅम्पटनच्या बेसमेंटमधून दोन बस बदलून पोचायचं, मग म्हाताऱ्यांना आंघोळ घालायची, कपडे चढवायचे, भरवायचं. बावीस नंबरच्या खोलीत एक इंग्रज आजोबा होते. पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला सांगितलं की इंग्लंडचा तो जगप्रसिद्ध नाटककार आणि ते तरुणपणी एका खोलीत राहायचे. दोघंही गावोगाव फिरणाऱ्या एका कंपनीत नट होते म्हणे.

"हो का?" म्हणून मी त्यांचे मोजे चढवत राहिले. ठाण्यात आमच्या शेजारच्या गृहस्थांनी प्रत्येक पुढाऱ्याला शाळेत गणित शिकवलेलं असायचं. ही जात मला ओळखू येते.

पण आजोबा थांबेनात. नाटककाराला भूमिका मिळायच्या त्या हवालदाराच्या नाहीतर नोकराच्या. खोलीच्या मालकिणीची बडबड तो जिन्यात उभा राहून ऐकायचा आणि जाहिरातीच्या कागदामागे उतरवायचा. त्यातूनच पुढे त्याचं पहिलं नाटक झालं.

मी लायब्ररीतून त्या नाटककाराचं जाडजूड चरित्र आणलं. फिरती कंपनी, हवालदार, मालकीण, सगळं त्यात होतं. आजोबांचं नाव मात्र कुठेच नव्हतं. म्हणजे हेच पुस्तक वाचून मला गंडवतायत! कपडे ठेवायच्या निमित्ताने मी त्यांचं कपाटसुद्धा चाचपलं. पुस्तक सापडलं नाही, तर मला वाटलं, कुठेतरी दडवलं असणार.

शेवटी विचारलंच, "आजोबा, कुठल्या पुस्तकात नाही असं काहीतरी सांगा ना."

"आधी पोलिसात होतीस का?" म्हणाले, आणि दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

त्या रविवारी त्यांची भाची आली. केंब्रिजहून, म्हणजे इंग्लंडमधल्या नव्हे, इथल्या कॅनडातल्या; तिथल्या मोटारींच्या कारखान्यात ती कामाला होती. पार्किंगमध्ये मी तिला गाठलं. ती हसली. "नट? मामा स्टेजवर कधी उभासुद्धा राहिला नाही. कपडेपट सांभाळायचा. पण त्या कंपनीत होता, हे खरं."

कपाट चाचपल्याची तेव्हा मला फार लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी शर्टाची बटणं लावताना मी सहज विचारलं, "त्या हवालदाराचा कोट कसा होता हो?"

आजोबांनी माझा हात धरला. डोळे बारीक केले. "कोण बोललं तुझ्याशी?"

मी मोकळ्या हाताने त्यांची कॉलर सारखी केली. शेवटी त्यांनीच हात सोडला. "खांद्यात मोठा व्हायचा त्याला," ते म्हणाले. "दर प्रयोगाआधी मी टाचण्या लावायचो. तेव्हा मालकिणीची नक्कल मी करायचो. तो हलायचा नाही. म्हणायचा, बोलत राहा, थांबू नकोस."

म्हणजे आधी त्यांनीच सांगितलेलं जिन्यात उभं राहून ऐकणं-बिणं नव्हतंच? ती वाक्यं आजोबांची होती?

घरी येऊन मी चरित्राचं ते प्रकरण पुन्हा वाचलं. तिथे स्पष्ट लिहिलं होतं: जिन्यात उभा राहून. आणि चरित्रकाराला ते खुद्द नाटककारानेच सांगितलं होतं. पुस्तक परत करायची तारीख उलटून गेली, तरी दोघांपैकी कुणावर विश्वास ठेवावा ते मला ठरवता आलं नाही.