पहिल्या गेअरच्या जागी रिव्हर्स

फौजेत माझं पोस्टिंग डोंगरातल्या एका ट्रान्सपोर्ट युनिटमध्ये होतं. मी को-ड्रायव्हर. ड्रायव्हर दत्ता, हुद्द्यानं नाईक, आमच्याच परभणी जिल्ह्यातल्या चारठाण्याचा. मी पिंगळीचा. तो मला म्हणायचा, "तुमच्या गावात गाडी रुळावरनं जाती. तुला गेअर काय कळायलाय?"

युनिटात दोन तऱ्हेचे ट्रक होते. जुन्यात दांडा डावीकडे पुढं ढकलला की पहिला गेअर पडायचा. नव्यात बरोबर त्याच जागी रिव्हर्स. खुणा दांड्याच्या मुठीवर कोरलेल्या, म्हणजे हातमोज्याखाली झाकलेल्या. ज्यानं हे ठरवलं, त्यानं चढावर कधी गाडी उभी केली होती का? मी सरळ विचारतो.

दत्ताची सगळी नोकरी जुन्या ट्रकवर गेली. त्या आठवड्यात त्याला नवा मिळाला. एके दुपारी कॉन्व्हॉय, म्हणजे आमच्या गाड्यांचा ताफा, चढावर थांबला होता; आमची गाडी शेवटची, मागं दरीचं वळण. वरून दगड सुटायला लागले. वायरलेसवर सुभेदारसाहेबांचा आवाज आला, "सगळ्या गाड्या पुढे. ताबडतोब. ओव्हर."

मी उतरून चाकामागचा दगड काढला आणि बाजूला झालो. ट्रक मागं आला. मला वाटलं, उतारानं सरकला. पण इंजिन तर जोर लावत होतं. मी ओरडलो, पुढं घे.

आतून दत्ता म्हणाला, "पुढंच घेतोय ना."

मागची चाकं कड्यावरून गेली, पाठोपाठ दत्तासकट ट्रक दरीत गेला. मी रिकाम्या रस्त्यावर उभा. काय झालं ते तेव्हा मला कळेना. दत्तालाही कळलं नसावं.

चौकशीचा निकाल आला: चालकाची चूक. युनिटात पाटी लागली, सावध चालवा. दोन्ही तऱ्हेचे ट्रक चालूच राहिले. ही कसली चौकशी?

फौज सोडल्यावर चारठाण्याला गेलो. दत्ताच्या वडिलांनी पाणी दिलं. मग म्हणाले, "लोक म्हणायलेत, त्याला गाडीच येत नव्हती. पोराची चुकी झाली का, तेवढं सांग."

मी म्हणालो, "काका, हात बरोबर होता. गेअरची जागा बदलली होती."

त्यांनी ते मला पुन्हा सांगायला लावलं. हवेत हात धरून, डावीकडे पुढं ढकलून पाहिला. हात खाली घेतला आणि विचारलं,

"मग दुसऱ्या पोरायला हे कुणी सांगितलं का?"

मी न्हाई म्हणालो.

"मग तू सांग. दत्ताचं नाव घेऊन सांग."

म्हणून सांगतोय. नाईक दत्ता, चारठाणा. त्यानं पहिलाच गेअर टाकला होता.