वसतिगृहाचा टॅग

आमच्या सरांना रिकामी जागा बघवत नसे. फॉर्मवर 'असल्यास' छापलेल्या रकान्यातही ते काहीतरी भरत. "रिकामं ठेवलं की समोरच्याला वाटतं, यांच्याकडे काही नाही," असं त्यांचं म्हणणं. तसं फारसं नव्हतंच. अलिबागेत एका औषधाच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत त्यांची प्रशिक्षण संस्था होती आणि तिच्यात पाच कोर्स चालत. सर आयटीआयमधून निवृत्त झालेले, वायरिंगचे शिक्षक. मी वेबसाइट आणि फोन सांभाळायचे.

वेबसाइटवर कोर्सना टॅग असत. 'महिलांसाठी' या टॅगवर बोट ठेवलं की तेवढेच कोर्स दिसावेत, अशी सोय. आमच्याकडे कशावरही बोट ठेवा, पाचही कोर्स हजर. सरांनी प्रत्येकाला सगळेच टॅग लावले होते. वायरिंगला 'पर्यटन' का, तर "नागावच्या होमस्टेत दिवे नकोत?" शिवणकामाला 'सागरी' का, तर "शिडं काय आपोआप शिवली जातात?" शिवणकामाला 'परदेश'ही होता, कारण आमची एक विद्यार्थिनी दुबईला गेली होती. लग्न होऊन.

मी एकदा आठ टॅगांची यादी करून तिच्यावर सरांची सही घेतली. दुसऱ्या दिवशी खाली त्यांच्या अक्षरात नववा टॅग होता, 'इतर सर्व'. "टॅग लावायला पैसे पडतात काय?" त्यांनी विचारलं. पडत नाहीत, हे मला कबूल करावं लागलं.

वर्गात मात्र हाच माणूस कमालीचा कडक. मुलांनी जोडलेला बोर्ड उघडून एकेक तार ओढून बघणार आणि सैल निघाली तर पुन्हा पहिल्यापासून जोडायला लावणार. "झाकण लावल्यावर सगळे बोर्ड सारखेच दिसतात," असं ते मुलांना बजावत. वेबसाइटसुद्धा एक झाकणच आहे, हे त्यांच्या मनात कधी आलं नाही. मलाही सांगायचा धीर झाला नाही.

मग एका सोमवारी वैशाली आली. श्रीवर्धन तालुक्यातल्या आतल्या गावची, तिशीची बाई. हातात पिशवी, काखेत गुंडाळलेली वळकटी. रुग्णसेवेच्या कोर्सला तिनं फोनवरून नाव नोंदवलं होतं.

"वसतिगृह कुठं हाय?" तिनं विचारलं.

मी सरांकडे बघितलं. सर पंख्याकडे बघत होते. पाचही कोर्सना 'वसतिगृह' टॅग होता, कारण रस्त्यापलीकडे एक लॉज होतं.

"तो टॅग आहे," सर म्हणाले. "टॅग म्हणजे माहिती नव्हे."

"मंग काय हाय?"

सर पुन्हा पंख्याकडे बघायला लागले.

"शाळेत जेवण करायचं काम सोडून आले मी," वैशाली शांतपणे म्हणाली. "माझ्या जागेवर दुसरी बाई लागली बी. घरचे नको म्हणत व्हते. मी त्यांना तुमचं हे फोनवर उघडून दाखवलं. आता परत जाऊन काय दाखवू?"

सर उठले, तिची वळकटी स्वतः उचलली आणि तिला घेऊन घरी गेले. घरी काकूंना, म्हणजे सरांच्या बायकोला, विचारलेलं नव्हतं. तीन महिने वैशाली त्यांच्या मागच्या खोलीत राहिली.

दुसऱ्या दिवशी सर ऑफिसात आले ते ताठ मानेनं. "वसतिगृहाचा टॅग राहू दे," म्हणाले. "आता आहे."

दुपारी काकूंचा फोन आला. "जेवणाचा टॅग कुठे असेल तर तेवढा काढ गं," त्या म्हणाल्या. होता. फोन कानाला असतानाच मी तो काढला.

वैशाली शिकून गेली, तिला श्रीवर्धनच्या एका दवाखान्यात काम लागलं. त्यानंतर सर एका सकाळी माझ्या शेजारी खुर्ची ओढून बसले आणि आम्ही खोटे टॅग काढायला लागलो. प्रत्येक वेळी ते विचारत, "हा काढला तर कुणी येईल ना?" तेव्हा मला कळलं की या माणसाला खोटं बोलायची हौस नव्हती. वर्ग रिकामा राहील याची त्याला धास्ती होती.

ती धास्ती खरी ठरली. शेवटी वायरिंगला 'वीजकाम' एवढा एकच टॅग उरला, आणि पुढच्या तुकडीला एकानंही नाव दिलं नाही. "खरं लिहिलं की असं होतं," सर मला म्हणाले. त्यात राग होता आणि तो माझ्यावरच होता.

दीड वर्षानं संस्था बंद झाली. वेबसाइटवरचे कोर्स मी एकेक करून पुसत होते. वायरिंगपाशी सरांनी मला थांबवलं, चष्मा लावला आणि त्या कोर्सबद्दल मी लिहिलेल्या तीन ओळी सावकाश वाचल्या.

"कोर्स चांगला होता ना गं हा?"

"तुम्ही फार चांगलं शिकवायचात, सर."

"मग तेवढंच लिहायचं होतं," ते म्हणाले, आणि माझ्या हातातला माउस घेऊन त्यांनी तो कोर्स स्वतः पुसला.