पंचवीसचं ॲव्हरेज

इंजिनाला समजावून सांगणारा माणूस अख्ख्या ब्रह्मपुरीत एकच आहे, आणि तो माझा साडभाऊ आहे. स्टेअरिंगखालच्या खाचेत वायर खुपसून, लॅपटॉप मांडीवर घेऊन ते गाडीच्या कॉम्प्युटरला डिझेल कधी आणि किती फवारायचं ते शिकवत बसतात. ध्येय एकच, लिटरला पंचवीस किलोमीटर. त्यासाठी स्टेपनी घरी ठेवतात, आणि निघण्याआधी प्रत्येकाला धानाच्या काट्यावर उभं करतात. मी अठ्ठ्याहत्तर किलो भरलो (त्यात चपला होत्या, हे नोंदवून ठेवतो), तेव्हा गंभीरपणे म्हणाले, "भाऊ, तुमी बसनं या न. तुमचा डबा मी घेऊन जातो."

मागच्या हिवाळ्यात ते चोवीस पूर्णांक आठवर पोचले. युक्ती साधी होती : डिझेल जरा आधी फवारायचं, म्हणजे ते पुरतं जळतं आणि काळा धूर निघत नाही. मी चामोर्शीहून त्यांच्याकडे गेलो तेव्हा अंगणात गाडी सुरू ठेवून आकडे पाहणं चाललं होतं. त्यांची बायको, म्हणजे माझी मोठी मेहुणी, जिला आम्ही बाई म्हणतो, ओट्यावर लाखोरीची डाळ निवडत होती. तिला दमा आहे. ती खोकू लागली.

"बंद करा ते! नाकाले झोंबून राह्यलं."

"धूर कुठी हाय? हे पाह्य, पीयूसी पास!" त्यांनी कागद फडकावला.

"तुमचा कागद खोकत नाई, मी खोकतो!"

गाडी बंद झाली. पुढचे तीन दिवस साडभाऊ वाचत बसले. चौथ्या दिवशी फोन आला. आवाज पडलेला.

"भाऊ, आधी जाळलं का इंजिनात आग जास्त तापते. मंग दुसराच वायू निघते, दम्याले वाईट. दिसत नाई तो. मशीन निस्ता काळा धूर पाह्यते."

"मग?"

"जुनी सेटिंग टाकली."

ॲव्हरेज बावीसवर आलं. दहा वर्षांची तपश्चर्या एका बटणावर गेली. मला हळहळ वाटली. फक्त शून्य पूर्णांक दोन उरलं होतं.

परवा आम्ही त्याच गाडीने आलापल्लीला गेलो. सागाच्या जंगलात रस्ता चढू लागला. साडभाऊंनी डॅशबोर्डकडे पाहिलंसुद्धा नाही.

"भाऊ, मागं पाहा बरं. झोपली का?"

मी वळून पाहिलं. बाई खिडकीला डोकं टेकून गाढ झोपली होती, श्वास संथ.

"झोपली."

त्यांनी मान हलवली, आणि पुढचा खड्डा इतक्या हळू घेतला, की गाडी जवळजवळ थांबलीच.