सर्दी तिथं उतरते का?

मला शिंक आली की घरात सगळे आधी माझ्या छातीकडे बघायचे. खोटं नाही सांगत. नवरा पेपर खाली करायचा, तांदूळ पाखडणाऱ्या सासूबाईंच्या हातातलं सूप थांबायचं, आणि मी दोघांवर ओरडायची, "शिंकच आहे! बॉम्ब नाही फुटला!" ओरडून झालं की मात्र मीच न्हाणीत जाऊन ब्लाउजची हुकं काढायची आणि निरखून बघायची. लाल झालं का? सुजलं का? काल होतं तसंच आहे ना? मग बाहेर यायची, दोन मिनिटं बसायची, पुन्हा उठायची.

कॅन्सरमुळे माझा डावा स्तन नागपूरला काढला होता आणि त्याच ऑपरेशनमध्ये तिथे सिलिकॉनची पिशवी बसवली होती. आम्ही तेव्हा ब्रह्मपुरीला राहायचो, मी तिथल्याच शाळेत शिकवायची. आमच्याकडे असलं काही कुणी ऐकलंही नव्हतं. नातेवाइकांनी तोंडावर विचारलं, जीव वाचला ना, मग हे थेर कशाला? मी म्हटलं, मला हवं होतं म्हणून. दुसरं उत्तर माझ्याकडे नव्हतं आणि आजही नाही. औषधांनी केस गेले, भुवया गेल्या, तोंडाची चव गेली. आरशासमोर उभं राहिलं की तेवढं एकच धड दिसायचं. ते मला कुणालाच द्यायचं नव्हतं. सर्दीला तर नाहीच नाही.

आणि सर्दी तर वर्गात बाकाबाकावर बसलेली! धान घरात आलं की आमच्याकडे थंडी पडते, आणि थंडी पडली की पोरी खोकायला लागतात. एकीचं झालं की दुसरीचं. मी खिडक्या उघडायची, तर पोरी म्हणायच्या, "मॅडम, थंडी वाजून राह्यली." मी बंद करायची, तर मलाच गुदमरायचं. दिवसभर फळ्यासमोर येरझारा घालायची आणि मनात एकच घोळायचं, हा खोकला माझ्यात शिरला तर त्या पिशवीचं काय होईल?

सासूबाईंचं ठाम मत होतं. त्या खेड्यातल्या, जन्म धानाच्या बांधीत गेलेला. सगळ्या गोतावळ्यात 'कशाला' न विचारणाऱ्या त्या एकट्याच. ऑपरेशननंतर त्यांनीच मला महिनोन्महिने न्हाऊ घातलं. पण त्यांच्या हिशेबानं पिशवी म्हणजे रिकामी जागा, आणि रिकाम्या जागेत कफ उतरणारच. "कफाले जागाच पाह्यजे असते, बाई. थो तिथी जाऊन बसन."

हे रोज ऐकून माझं डोकं भणभणायला लागलं. शेवटी एक दिवस शाळा सुटल्यावर तडक एसटीडी बूथ गाठला आणि नागपूरच्या डॉक्टरांना फोन लावला. लाइन अशी खराब की ओरडल्याशिवाय पलीकडे ऐकू जाईना.

"डॉक्टर, सर्दीतापानं पिशवीला काही होतं का?"

"कशाला?"

"पिशवीला! पिशवीला!"

काचेबाहेर नंबर लावून उभी असलेली माणसं माझ्याकडे वळली. बूथवाल्या भाऊनं रेडिओ बारीक केला. मेली लाज! डॉक्टर मात्र शांतपणे म्हणाले, "साध्या सर्दीखोकल्यानं सहसा काही होत नाही. कुठे पू झाला, दाढेत गळू झालं, तर अंगावर काढू नका. आणि ती बाजू लाल झाली, सुजली, गरम लागली, तर लगेच या."

पैसे देताना बूथवाला आदबीनं म्हणाला, "कोनती पिशवी फाटली, मॅडम?"

"सिमेंटची," मी म्हटलं आणि चालू लागले.

डॉक्टरांचा निरोप घरी सांगितला तर सासूबाईंनी तोंड वाकडं केलं. "डाक्टर नागपुरात बसते. त्याले इथली थंडी काय मालूम?"

त्याच आठवड्यात मला ताप भरला. हुडहुडी, खोकला, अंग ठणकत होतं. मलेरियासाठी रक्त तपासलं, त्यात काही निघालं नाही. दवाखान्यातल्या गोळ्या चालू होत्या, पण सासूबाईंचा जीव गोळ्यांवर भरेना. दुपारी नवरा ऑफिसात असताना त्या चुलीत विटेचा तुकडा तापवायच्या, जुन्या लुगड्याच्या फडक्यात गुंडाळायच्या आणि मला शेक द्यायच्या. पाठीला, बरगड्यांना, आणि सगळ्यात जास्त वेळ डाव्या बाजूला. कफ तिथं उतरायच्या आत वितळला पाहिजे ना!

आमच्याकडे शेकाची एक रीत आहे. देणारी विचारते, "लागते का?" घेणारी 'लागते' म्हणाली की हात उचलायचा. 'नाई' म्हणाली की अजून दाबायचं.

"लागते का, बाई?"

"नाही."

मी खरंच सांगत होते. ऑपरेशनपासून तिथल्या कातडीला काही कळतच नव्हतं, टाचणी टोचली तरी. डॉक्टरांनी ते मला सांगितलं होतं, पण तापात अर्धवट झोपेत कुणाला आठवतंय? आणि सासूबाईंना बिचाऱ्यांना कुठून माहीत असणार? त्यांनी फडक्याचा एक पदर कमी केला आणि अजून दाबलं.

"आता लागते का?"

"नाही."

ताप उतरला तेव्हा आंघोळ घालताना आधी त्यांनाच दिसलं. तांब्या हातातून सुटला. "अव माय! हे काय झालं व?" मी खाली पाहिलं. भला मोठा फोड, आणि कडेला काळपट पडलेली कातडी. दुखत नव्हतं. त्याचीच जास्त भीती वाटली.

नागपूरच्या बसमध्ये मला एका जागी बसवेना. प्रत्येक स्टॉपला उठायची, दारापर्यंत जायची, परत यायची. नवरा म्हणायचा, "बस ना." कशी बसू? डॉक्टरांनी बघितलं आणि त्यांचा चेहराच सांगून गेला. भाजून कातडी मेली होती, खाली पू धरला होता. औषधं देऊन बघितली, वाट बघितली, आणि मग पिशवी काढावी लागली. "तापानं नाही झालं हे," ते म्हणाले, "भाजल्यानं झालं." तेवढ्यानं काय थंडावा मिळणार होता मला! मी भिंतीकडे तोंड करून खूप रडले. इतका राग आला होता, इतका राग! पण त्या म्हातारीचे हात डोळ्यांसमोर आले आणि मी नवऱ्याला बजावलं, "आईंना यातलं एक अक्षर सांगायचं नाही."

दुसऱ्या दिवशी सासूबाई बसनं आल्या. वॉर्डात माझ्या खाटेपाशी स्टुलावर बसल्या आणि चादरीच्या सपाट झालेल्या बाजूकडे बघू लागल्या.

"कायनं गेलं, बाई?"

"तापानं," मी म्हटलं. "डॉक्टर म्हणाले, होतं असं कधीकधी तापानं."

"तापाचा डाग चौकोनी नाई पडत," त्या म्हणाल्या. "मले न्हानीतच वीट दिसली त्यात. खोटं नको बोलू माह्याशी."

मग माझा बांध फुटला. किती जोरात बोलले मलाच ठाऊक नाही. "दोनदा नाही म्हटलं, तरी शंका नाही आली तुम्हाला? हात लावून तरी बघायचा होता! कशाला दाबलं एवढं? माझं होतं ते, आई, माझं होतं!" वॉर्डातल्या सगळ्या बायका बघत होत्या. त्या मान खाली घालून ऐकत होत्या आणि मी दम घ्यायला थांबले की म्हणत होत्या, "बोल. अजून बोल."

शेजारच्या खाटेवरच्या बाईला राहवलं नाही. "जाऊ द्या ना ताई, जीव तर वाचला! म्हाताऱ्या माणसाला कशाला बोलता?"

सासूबाई गर्रकन वळल्या आणि तिच्यावर खेकसल्या, "तू चूप राय व! तिचं गेलं हाये."