भिंतीवरचा जपानी ट्रान्झिस्टर

आमच्या घरात ट्रान्झिस्टर आला तो सासऱ्यांच्या हट्टापायी, आणि पलीकडच्या घरात आला तो आमच्याकडे आला म्हणून. पलीकडे सासऱ्यांचे थोरले भाऊ राहायचे. विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून दोघांचं बोलणं बंद होतं आणि दोन अंगणांच्या मधे कमरेएवढी भिंत होती. आम्ही मुंबईहून चोरबाजारातला जपानी सेट मागवला, तर पुढच्या महिन्यात तिकडेही अगदी तोच, तसल्याच चामड्याच्या पिशवीतला. रशिया-अमेरिकेचं काय घेऊन बसलात, मिरजगावात आमची दोन घरं पुरेशी होती.

एकाहत्तरच्या डिसेंबरात लढाई जुंपली. माझे यजमान रणगाड्यांच्या पलटणीत वायरलेसवर होते आणि पलीकडच्यांचा एकुलता एक मुलगा पायदळात. दोघांचीही पत्रं थांबलेली. संध्याकाळच्या बातम्या हाच काय तो आधार. पलीकडचा सेट दिवाळीत फळीवरून पडून त्याचा स्पीकर फाटला होता, आणि त्याचा सासऱ्यांना झालेला आनंद मी पाहिला होता. लढाईच्या ऐन भरात, ‘पश्चिम आघाडीवर रणगाड्यांची मोठी चकमक’ एवढं म्हणून आमचाही सेट गप्प झाला. सेल नवे होते. सासऱ्यांनी थापट्या मारल्या, बटणं फिरवली, काही उपयोग नाही.

दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं मी आणि सासरे नगरला गेलो. काचांना काळे कागद, रस्त्यावर लष्करी गाड्या. रेडिओ दुरुस्तीवाल्यानं झाकण उघडलं आणि शेंगदाण्याएवढा, तीन पायांचा एक पुर्जा चिमट्यानं दाखवला.

"हा गेलाय. जपानी आहे. मुंबईत आता असला माल उतरत नाही. समुद्रात आरमारं फिरतायत. अमेरिकेचं निघालंय म्हणे, त्याच्या मागे रशियाचं."

"अन् आपल्या देशातला?" सासऱ्यांनी विचारलं.

"तो सगळा लष्कराकडे चाललाय सध्या. वायरलेसला."

मला त्या पुर्ज्याचा रागच आला. तो माझ्या नवऱ्याच्या कानाशी गेला म्हणून माझ्या कानाशी नाही! लगेच वाटलं, जाऊ देत सगळे तिकडेच, पण ह्यांचा सेट बंद पडायला नको.

"असाच दुसरा सेट असेल तर त्यातला काढून बसवतो," दुकानदार म्हणाला. सासऱ्यांनी सेट पिशवीत घातला आणि आम्ही मिरजगावची एसटी धरली. असा सेट कुठे आहे, ते आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.

विचारायला मीच गेले. चुलत सासू ज्वारी पाखडत होत्या.

"पुर्जा दिऊ," थोरले म्हणाले, "पर रेडिओ आमच्या ओसरीवर वाजंल."

मी निरोप आणला. सासरे उसळले, "सेट माजा हाय! आमच्या घरातच वाजंल."

मी अलीकडून पलीकडे, पलीकडून अलीकडे. पोरं तिकडे रणात आणि हे दोघे ओसरीसाठी अडून बसलेले. माझं डोकंच फिरलं होतं. शेवटी चुलत सासूंनी सूप आपटलं. "ठिवा त्यो भितीवर! माजं पोर तिकडं हाय. ओसरी काय चाटायचीय?"

थोरल्यांनी मुकाट्यानं आपला सेट माझ्या हातात दिला.

नगरच्या दुकानात दोन मुक्या सेटांतून एक बोलता झाला. रोज संध्याकाळी तो भिंतीवर असे. अलीकडे आम्ही, पलीकडे ते, आणि कुणी कुणाकडे बघत नसे. बातम्यांत ठाणी यायची, मोडलेले रणगाडे यायचे, माणसाचं नाव एकही यायचं नाही. तरी चुलत सासू दरवेळी कान पुढे करून बसायच्या. एकदा त्यांनी मला विचारलं, "तुजा नवरा त्या मशिनीवर काय करतो गं?"

"लांबलांबचं बोलणं ऐकतात."

"समद्यांचं?"

"ज्याचं पोचेल त्याचं."

लढाई थांबल्याची बातमी भिंतीवरच आली. "ऐकलंस का रं?" थोरले सासऱ्यांना म्हणाले आणि आपण बोललो हे लक्षात येऊन खाकरले. पुढे काही दिवसांनी ह्यांचं कार्ड आलं, सुखरूप असल्याचं. मी ते पदराखाली धरून भिंतीपर्यंत गेले आणि परत आले, कारण त्यांच्याकडे अजून काहीच आलं नव्हतं. मला आनंद मावत नव्हता आणि तो चोरीचा वाटत होता. मग पलीकडे लष्कराची तार आली.

हे उन्हाळ्यात रजेवर आले. पाणी पिऊन होतंय तोच भिंतीपलीकडून हाक आली. बातम्या लागल्या होत्या.

"तुज्या मशिनीत समद्यांचं बोलनं येतं म्हनं," चुलत सासू म्हणाल्या. "माज्या पोराचं आल्तं का रं?"

ह्यांची पलटण पंजाबात होती, त्यांचा मुलगा राजस्थानच्या वाळूत. मी ह्यांच्याकडे बघत राहिले.

"व्हय काकू, आल्तं."

"काय म्हनला?"

"ठीक हाय म्हनला. आईला सांगा म्हनला."

त्यांनी मान हलवली. "मग लवकर सांगायचं की रं," असं म्हणून त्यांनी त्या रेडिओचं बटण पहिल्यांदाच स्वतःच्या हातानं बंद केलं.